भावानं दिलेला हुंकार

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं' म्हणायचं. तो थांबला की गोष्टही थांबते. डोळखांबजवळच्या माझ्या माहेरी हे काम कायम बायकापोरींचं. पुरुष तेव्हा ओटीवर तंबाखू मळत बसतात. म्हणून त्या दुपारी वालाच्या डाळिंब्या सोलता सोलता आत्या गोष्ट सांगू लागली आणि माझा धाकटा भाऊ दारात बसून 'हं, हं' करू लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला शहापूरला जायचं होतं. वडिलांच्या भातजमिनीवरचा हक्क मी सोडते आहे, अशा कागदावर मला सही करायची होती. भावानं आसनगावहून बोलावलं ते त्यासाठीच. फोनवर मात्र म्हणाला होता, 'ये गो, लय दिस झाले भेटून.' इतकी माया त्याला एरवी येत नाही.

आत्याची गोष्ट सात भावांच्या एकुलत्या बहिणीची. बाप मेल्यावर तिनं शेताचा तुकडा मागितला, म्हणून देव कोपला आणि ती वटवाघूळ होऊन बापाच्याच चिंचेला उलटी लटकली. भाऊ म्हणाला, 'हं.' अगदी वेळेवर.

ही गोष्ट मला पाठ होती, आणि ती अशी नव्हती. लहानपणी याच आत्यानं सांगितलेली बहीण माळाचा तुकडा मागून घेते, त्यात नाचणी पेरते. भात बुडतं त्या वर्षी सातही भाऊ तिच्या दारात भाकरी मागायला येतात. भाकरी थापताना ती प्रत्येकाला टोमणा मारते. आत्या दर भावाला वेगळा टोमणा द्यायची आणि आम्ही पोरी हसून लोळायचो.

भाऊ गुरांना पाणी पाजायला उठला, तशी मी विचारलं, 'आत्या, नाचणी कुठं गेली?'

तिनं वर पाहिलं नाही. 'ती तू ल्हान होतीस तवाची. आता तशी सांगून मी जाऊ कुठं? मुरबाडला माजं कोण नाय. तू सही नाय केलीस तर हा तुला काय बोलायचा नाय. मला बोलंल.'

मुरबाड तिचं सासर. नवरा गेल्यावर ती परत आली ती आमच्याच घरी राहिली. तिनंही तिच्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, अशीच सही दिली होती. ते तिनं त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. मला भावाचा राग आला आणि तिचाही आला. तिनं मला घाबरवलं नव्हतं, गुंतवलं होतं.

मी सही केली. आसनगावात विचारणाऱ्यांना सांगते, आत्याच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून केली. ते खोटं नाही. पण कचेरीबाहेर भाऊ चारचौघांत म्हणाला, 'माजी बहीण लाखात एक हाय,' भावजयीनं साडीची घडी हातात ठेवली, आणि मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. तेव्हापासून माझा स्वतःवरच भरवसा उरलेला नाही. कारण आत्याला तो खरंच घराबाहेर काढणार होता का, एवढं साधं मी त्याला विचारलंच नव्हतं.