बदली नायिका

लीनाच्या आईवडिलांनी नाशिक सोडून लेस्टर धरलं. लेकीनं डॉक्टर व्हावं म्हणून ते राबले, आणि लेक गेली लंडनला, इंग्रजी संगीत नाटकांत! एकवीस वर्षं तिनं रंगभूमीवर काढली, पण बदली नायिका म्हणून. सगळी भूमिका तोंडपाठ करायची, रोज थिएटरात हजर राहायचं आणि नायिका आजारी पडली तरच उभं राहायचं. तिच्या वाट्याच्या नायिका, मेल्या, सगळ्या ठणठणीत. एखादी उशिरा का होईना येऊन टपकली, की हिनं मुकाट्यानं पोशाख उतरवून द्यायचा. तिथली शिस्तच तशी.

पन्नाशीला टेकल्यावर ती नवऱ्याबरोबर, सलीलबरोबर, कुवेतच्या सालमियात आली. त्याची नोकरी शुऐबाच्या कारखान्यात. ही शाळेत मुलांना गाणं शिकवू लागली. नाटक या शब्दाचाच तिला शिणवटा आला होता. पण मराठी मंडळानं संगीत नाटक काढलं आणि दिग्दर्शक शरदकाका दारात हजर झाले. नायिका शर्मिला, जाब्रियाच्या हॉस्पिटलातली नर्स. तिच्या ड्यूटीचा काही नेम नाही.

"तू नुसतं पाठ करून ठेव गं. जस्ट इन केस."

कुठेही जा, पळसाला पानं तीनच! लीना हसली आणि हो म्हणाली. कारण मनात एक हट्ट अजून जिवंत होता. एकदा, फक्त एकदा, पहिल्या पदापासून शेवटच्या पदापर्यंत अख्खं नाटक आपलं असावं.

प्रयोग शुक्रवारी दुपारी. ऐनवेळी शर्मिलाचा फोन आला: बदलीची नर्स आलेली नाही, सुटका कधी होईल सांगता येत नाही. लीनानं शालू नेसला, नथ घातली आणि उभी राहिली. दुसऱ्या पदाला लोकांनी वन्स मोअर दिला. तिला आधी खरंच वाटेना. लंडनमध्ये कुणी असं गाणं परत मागत नाही. ती पुन्हा गायली, आणि पहिल्यापेक्षा छान गायली.

मध्यंतरात शर्मिला धापा टाकत रंगपटात शिरली, ड्यूटीच्या बुटांसकट. शरदकाका बाहेर ऑर्गनवाल्याशी वाद घालत होते. लीनानं तिला पाहिलं आणि हात आपसूक नथेकडे गेला.

"आलीस? चल, लवकर तयार हो," म्हणत तिनं शालू सोडायला घेतला.

शर्मिला क्षणभर घुटमळली, मग बूट काढून नेसू लागली. उरलेले अंक तिनं निभावले. आवाज बसला होता, पण टाळ्या मिळाल्या. लीनानं शेवटचं पद विंगेत उभं राहून ऐकलं.

पडदा पडल्यावर शर्मिला खुर्चीत कोसळली. "लीनाताई, चौदा तास उभी होते हो. तुमचं शेवटचं पद तरी ऐकावं म्हणून धावत आले होते."

"मग नेसलीस कशाला?"

"तुम्ही शालू सोडायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला झेपत नाहीये."

एकवीस वर्षं लीनाला बाजूला हो म्हणणारं कुणी ना कुणी होतं. आज कुणीच नव्हतं. आज ती आपली आपणच बाजूला झाली होती, आणि या वेळी रागवायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.