काशिनाथदादांनी रिकामी सोडलेली ओळ

काशिनाथदादांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते आमच्या अंगणातल्या आंब्यावर चढून कर्णा बांधत होते. मी सातवीत होते. चुलतबहिणीची हळद होती. आमच्या कापडे गावात लग्न म्हटले की पोलादपूरहून ‘माईकवाले दादा’ यायचेच. बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, पण कर्ण्यातून सिनेमाची गाणी इतक्या जोरात वाजत होती की शेजारी बसलेलीचाही आवाज ऐकू येईना. दादा झाडावरून उतरले, त्यांनी मशीन बंद केले आणि माईक घेऊन ते बायकांच्या घोळक्यासमोर उभे राहिले.

“मशीनला जरा चहा पिऊ दे. तुम्ही म्हणा.”

“अगो बाय, आमचं काय ऐकायचं?” म्हणत माझी आई तोंडाला पदर लावून हसली. ते हसू कर्ण्यातून बाहेर पडले, समोरच्या डोंगरावर जाऊन परत आले. आईने दचकून विचारले, “ही कोण गो हसली?”

सगळे अंगण हसून लोळले. दादा मात्र हसले नाहीत. ते डोंगराकडे बघत राहिले होते, तिकडून अजून काही यायचे बाकी असल्यासारखे.

दादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात थोरामोठ्यांचे लेख असतील. मी त्यांच्या ‘समोरची रांग’ या बँडमधली सर्वांत धाकटी. मागे उभी राहून गाते आणि बँडला येणारे फोन व निरोप सांभाळते. त्यामुळे दादांच्या नव्या अल्बमला लोकांनी काय काय म्हटले, ते सगळ्यांच्या आधी माझ्या कानांवर पडले. तेच इथे लिहिणे मला योग्य वाटते.

लग्नामांडवांतून फिरता फिरता दादा गाणी टिपू लागले. पुढे महाडचा मंगेश गिटार घेऊन त्यांच्याकडे आला, खालू बाजा या आमच्याकडच्या वाजंत्रीतले सनईवाले आणि ढोलवाले आले, आणि बँड उभा राहिला. दादांची रीत अशी की गाणे जिथे म्हणतात तिथेच जाऊन ते घ्यायचे. चिखलात उभे राहायचे, माईकला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची आणि जे आवाज येतील ते येऊ द्यायचे. आमच्या एका गाण्यात एसटीचा भोंगा आहे. दुसऱ्यात कोणीतरी म्हशीला शिव्या देते आहे. मंगेशला त्या काढायच्या होत्या. दादा म्हणाले, “राहू दे रे. सुरात देतेय ती.”

कुडपणच्या पठारावरची सकाळ मला अजून स्वप्नासारखी वाटते. आम्ही पोचलो आणि धुके उतरले. हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. मंगेश म्हणाला, “दादा, धुकं हटेपर्यंत थांबू.” दादा म्हणाले, “कशाला? धुकंपण घेऊ.” त्यांनी आम्हाला पठारावर दूर दूर उभे केले. कोणी कोणाला दिसत नव्हते. सनई कुठून तरी आली, ढोल तिला शोधत निघाला, मध्येच एका गुराच्या गळ्यातली घंटा वाजत गेली. मी डोळे मिटून गात होते. काही वेळाने उघडले तरी फरक पडला नाही, सगळे तसेच पांढरे. माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटत होता. धुके विरले तेव्हा कळले, आम्ही सगळे न ठरवता दादांच्या दिशेने चालत आलो होतो. दादा एका कातळावर कान टेकवून बसले होते.

“काय ऐकताय?” मी विचारले.

“तुमचे पाय,” ते म्हणाले.

दादांचे माझ्यावरचे उपकार मोजायला बसले तर लेख त्यातच संपेल. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. बारावीनंतर वडील म्हणाले, आता पुरे. दादांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले, “बँडला शिकलेलं माणूस पायजे. लोकांचे निरोप येतात, उत्तरं द्यावी लागतात. हिच्याशिवाय कोण हाय?” वडिलांना मुलीच्या शिक्षणापेक्षा दादांची अडचण जवळची वाटली असावी, ते हो म्हणाले. परीक्षेच्या एका सकाळी माझी एसटी चुकली, तेव्हा दादांनी मला टेम्पोत स्पीकरांच्या मध्ये बसवून महाडला सोडले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते गाडी जवळजवळ उभी करत होते. मागचा ट्रकवाला ओरडला, “ओ काका, गाडीत अंडी हायत काय?” दादा खिडकीतून म्हणाले, “पोरगी वाचतेय!” मी पदवीधर झाले तेव्हा आईवडिलांच्या बरोबरीने दादांनी कापड्यात पेढे वाटले.

आता त्या अल्बमकडे येते. त्याचे नाव ‘अर्धी लावणी’. आमच्याकडे लावणी म्हणजे भाताची रोपे, म्हणजेच आवण, खाचरात लावणे. पूर्वी लावणीला बायकांच्या दोन रांगा असत, एक वरच्या खाचरात, एक खालच्या. वरची रांग गाण्याची ओळ टाकायची आणि खालची ती झेलायची. झेलायची म्हणजे तीच ओळ परत म्हणायची नाही. जागच्या जागी नवी जोडायची, जमल्यास समोरचीला टोमणा मारून. जिला झेलता आले नाही तिची दिवसभर थट्टा.

दादा ते गाणे घ्यायला आमच्याच शेतावर आले. आई आणि चार बायका वरच्या खाचरात उभ्या राहिल्या. खालची खाचरे पडीक होती, ती कसणारी माणसे कधीच मुंबईला गेलेली. आईने ओळ टाकली:

“वरल्या खाचरात लाविते आवण,
खालच्या खाचरात कोण गो कोण?”

सवयीने त्या थांबल्या. समोर गवत हलत होते. दादांनी माईक चालूच ठेवला, आई पुढची ओळ टाकेपर्यंत. अल्बममध्ये दादांनी ते तसेच ठेवायचे ठरवले. ओळ, मग रिकामी जागा, तिच्यात फक्त दुरून येणारा ढोल, मग पुन्हा ओळ.

मुंबईच्या स्टुडिओतल्या गृहस्थांनी मायेनेच समजावले की गाण्यात असे भोक ठेवले तर ऐकणारा पुढच्या गाण्यावर जाईल, एखादी चांगली गायिका घेऊन जागा भरू. मंगेशही म्हणाला, “दादा, लोक म्हणतील माईकवाल्याचाच माईक बंद पडला.”

“म्हणू देत. पण भाड्याच्या गळ्यानं झेल होत नाय रे. ही ओळ कुणी झेलली नाय तर समजायचं, समोर आता कोण उरलं नाय. मग आपण गायचं ते कुणाला? मी बँड बंद करीन, परत मांडवाचे माईक लावीन.”

त्यांनी हे रागाने म्हटले नव्हते, म्हणून आम्हाला जास्त भीती वाटली.

अल्बम बाहेर आला आणि माझा फोन वाजू लागला. पहिला निरोप: “ताई, फाईल खराब आहे, पुन्हा टाका.” दुसरा: “नेट गेलं समजून मी भावाचा राऊटर बदलला.” पुण्याहून एकाने विचारले, “लावणी म्हणून ऐकले, घुंगरू कुठे आहेत?” एका जाणकारांनी लांबलचक लिहिले की हे मौन आधुनिक माणसाच्या एकटेपणाचे प्रतीक आहे. मी ते दादांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे त्यांनापण झेलता आलं नाय?”

बिरवाडीच्या एका आजोबांनी तर फोनच केला. “अवो, मी सकाळपासून स्पीकर खोलून बसलोय! दोष तुमच्या गाण्यात हाय, हे आधी सांगायचं नाय?”

दादांनी फोन स्वतःकडे घेतला. “माफी करा, बाबा. पण तेवढ्या जागेत तुमच्या मनात काय आलं?”

“शिवी आली!” म्हणून आजोबांनी फोन ठेवला.

मी म्हटले, “दादा, गाण्याखाली दोन ओळींत समजावून लिहू का? ही जागा तुमच्यासाठी आहे, म्हणून?”

“नको गो. सांगून म्हणवलं तर ती झेल नाय, उत्तरपत्रिका.”

कौतुक पुष्कळ झाले. धुक्याचे गाणे ऐकून एक मुलगी परदेशातून लिहिते की तिला रोज तेच लावून झोप लागते. पण झेल आली नाही. दादा कौतुकाला मान डोलवत आणि “अजून काय?” विचारत. मग विचारीनासे झाले. एका दुपारी मी गेले तर त्यांनी जुने कर्णे अंगणात काढले होते आणि ते फडक्याने पुसत होते. मंगेश पायरीवर बसून गिटारच्या तारा सैल करत होता.

झेल आली ती अशी. सकाळी आई भाकऱ्या थापत होती, मी शेजारी बसून निरोप ऐकत होते. एका अनोळखी नंबरवरून आवाज आला. मागे कुकर, कुठल्याशा मुलाचे रडणे, आणि त्यावरून एका बाईचा उंच, जरा फाटलेला सूर:

“खालचं खाचर ऱ्हायलं दूर,
कुकरच्या शिट्टीत धरते मी सूर.
वरल्या रांगेची ऐट गो फार,
आवण कमी नि बडबड चार!”

आईचा हात पिठात तसाच राहिला. “अगो बया! ही तर सुमन!”

सुमनमावशी म्हणजे खालच्या खाचरातली, आईच्या ओळी झेलणारी तिची समोरची. तिचे घर मुंबईला हलल्यापासून दोघींची गाठ नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते ओघळायच्या आत तिने पिठाचा हात फोनसमोर नाचवला: “थांब, बडबड म्हणते काय!

बडबड माझी, तुझा गो ताल,
बांधावर बसून रंगवी गाल!”

मी आईची ओळही फोनमध्ये टिपून घेतली आणि धावत सुटले, पहिल्या जीपने पोलादपूर गाठले आणि फोन दादांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही आवाज ऐकले. परत ऐकले. मग खाली मान घालून फोन पुन्हा कानाशी धरला. मंगेशने विचारले, “दादा, बरं वाटत नाय काय?”

“गप रे,” ते म्हणाले. “समोर माणूस हाय.”

आईची ओळ आम्ही सुमनमावशींना पाठवली, त्यांनी ती चाळीतल्या आणखी दोघींना ऐकवली, आणि तिथून झेली येऊ लागल्या. एका ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन म्हटले, “खालच्या खाचरात माझी माय, फोन तिला लागत नाय.” बिरवाडीच्या आजोबांचीही एक आली. ती इथे छापता येणार नाही, पण ठेक्यात अगदी चोख आहे. दादांनी सगळ्या ऐकल्या, एकही अल्बममध्ये घातली नाही. ती जागा रिकामीच आहे. कर्णे मात्र माळ्यावर गेले, आणि मंगेशने नव्या तारा चढवल्या.

दादांच्या या साठीला मी काय मागावे? त्यांचे कान असेच राहोत, गुडघ्यांनी त्यांना चिखलात आणखी पुष्कळ वर्षे उभे करावे, आणि घरच्यांनी दिलेली औषधे त्यांनी विसरू नयेत. बाकीचे मागणे सुमनमावशींनी परवाच फोनवर सांगून टाकले. येत्या आषाढात त्या गावी येणार आहेत, चाळीतल्या दोघींना घेऊन. खालचे खाचर आईने नांगरून ठेवायचे आहे.

“आणि दादांना सांग,” त्या म्हणाल्या, “माईक घरी ठेवायचा. बांधावर बसायचं, चहा प्यायचा, नि आम्ही एकमेकींना कशा घालून पाडून बोलतो ते नुसतं ऐकायचं. दरवर्षी यायचं. नाय आले तर त्यांच्या नावानं ओळ टाकीन, मग बघू कसे झेलतात.”