मामांची जीभ

माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या जिभेवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या वसई तालुक्यात झाला नसेल. खाडीकाठी त्यांचं मिठागर. भरतीचं पाणी आगरात घ्यायच्या आधी ते किती खारं आहे हे चाखून ठरवायची तिथली रीत. मामांनी त्या रीतीचा धर्मच करून टाकला होता. विहिरीचं पाणी, डॉक्टरचं औषध, नव्या सिमेंटची चिमूट, सगळं आधी जिभेवर. लग्नानंतर आमच्या विरारच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा नळाचं पाणी तोंडात घोळवून ते एवढंच म्हणाले, "जावयबापू, टाकी धुवा." टाकीत मेलेलं कबुतर निघालं. तेव्हापासून आमची सोसायटीसुद्धा त्यांना वचकून असे.

त्यांच्या गावात तर बोलायलाच नको. नव्वद सालानंतर खाडीला मिळणाऱ्या नाल्यावर कारखान्यांच्या गाळ्यांची रांग उभी राहिली. थर्मामीटर, ट्यूबलाइट, आणखी काय काय तिथे बनायचं. पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला तशा बायका मासळीच्या टोपल्या घेऊन मामांच्या अंगणात. मामा बांधावर जायचे, ओंजळभर पाणी चाखून थुंकायचे आणि निकाल द्यायचे, "खा बिनघोर. इख असता तर माझ्या जिभेला कलला नसता?" एकदा पाणी तपासायला आलेल्या साहेबांच्या हातातली बाटलीच त्यांनी तोंडाला लावली. "अहो, पारा असेल त्यात!" साहेब ओरडले. मामांनी मिशा पुसल्या. "नाय. नुसता पानी हाय." आम्ही पोट धरून हसलो. मामींनी खाडीतल्या बोईट माशाचं कालवण केलं होतं. मामींना ते रोज लागायचं. साहेब जेवायला थांबले नाहीत, याचाच मामांना भारी राग आला.

पाऱ्याला चव नसते, हे त्या जिभेला कोण सांगणार?

पुढे मामींच्या हातातून वाट्या निसटायला लागल्या. आम्ही ते वयावर ढकललं. मग ओठ बधिर झाले, चालताना तोल जायला लागला. मुंबईच्या इस्पितळात रक्त तपासलं तर अंगात पारा. खाडीची मासळी बंद करा, डॉक्टर म्हणाले, पण गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. बाहेर आल्यावर मामांनी माझा दंड धरला. "जावयबापू, सगल्या गावाला मीच सांगितला ना, खा म्हनून?" मला त्यांचा राग आला नाही. गाळेवाल्यांचा आला, आणि त्या रागाचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

मग मामा रोज संध्याकाळी बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवू लागले. "नका खाऊ रे. पोरांना तरी नका देऊ." लोक हसायचे. मामींचं वय झालं आणि मामांचं डोकं फिरलं, एवढाच अर्थ गावानं काढला. गाळे वाढतच होते.

एकदा मीही त्यांच्यासोबत होतो. शेजारची एक बाई टोपलीत बोईट घेऊन चालली होती. मामांनी तिलाही हात जोडले. ती थांबली आणि अगदी मायेनं म्हणाली, "मामा, असा काय करताव? तुमी पानी चाखून बघा ना. तुमी नको बोललाव तर टाकून देतंय."

मामा घराकडे वळले. मामींना भरवायची वेळ झाली होती.