मेंढ्यांच्या वाड्यावरचा 'प्रॉस्परस'

गेल्या महिन्यात एका सोमवारी उमापूरजवळच्या आमच्या शाळेत सातवीला 'प्रॉस्परस' हा शब्द शिकवला. भरभराटीचा, बरकत असलेला... असा अर्थ सांगितला आणि आपापल्या घरावर एक वाक्य लिहायला दिलं.

मेंढपाळाच्या सुमनचं वाक्य सगळ्यात छान. तिला बक्षीस म्हणून खडू दिला. तिने घरी जाऊन मेंढ्यांच्या वाड्याच्या फळीवर लिहिलं, 'वुई आर प्रॉस्परस', आणि खाली मेंढ्यांचा आकडा!

मंगळवारी त्यांची दोन कोकरं मेली. बुधवारी सुमन शाळेत आली नाही, गुरुवारीही नाही.

मी बीड शहरात वाढलेली. मेंढ्या किती, हे मेंढपाळ कधी उघड सांगत नाहीत, विचारलंच तर 'हायेत चार-दोन' म्हणतात, हे मला आमच्या शिपाईमामांनी तेव्हा सांगितलं. "बाई, तुमच्या शब्दाची दिष्ट लागली म्हनत्यात. पोरगी आता मेंढरामागंच जाईल."

दृष्टबिष्ट मी मानत नाही, पण या मुलीची शाळा माझ्यामुळे सुटणार होती. दोन रात्री धड झोप नाही.

शुक्रवारी तिचे वडील फाटकात दिसले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. खरं सांगते, स्टाफरूमचं दार आतून लावून घ्यावंसं वाटलं.

मग त्यांच्या मागे सुमन दिसली. दप्तरासकट.

"बाई, कोकरं कवळी ज्वारी खाऊन मेली, मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर हिची आई लई भेलीय. लेकराला नटवलं की गालाला तीट लावताव न्हाई का? तेवढी त्या शब्दाला लावा. मंजी ती पोरीला रोज धाडंल."

सुमनने वही पुढे केली. मी त्या शब्दाशेजारी काळ्या पेनाने चांगला ठसठशीत ठिपका दिला. जरा मोठाच झाला. "बास," तिचे वडील म्हणाले आणि निघून गेले.

त्या माणसाचे उपकार कसे फेडू... पण भीती काही गेलेली नाही. हजेरीला सुमन 'हजर' म्हणेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

आज सगळा वर्ग भरला होता, एकही गैरहजर नाही. फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायला मॉनिटर उठली. "बाई, हजर किती लिहू?"

मी म्हटलं, "राहू दे गं... आहेत चार-दोन."