चिंचेच्या पाण्यातला बिल्ला

"खलास! विषय संपला!" असं म्हणून ते दार आपटायचे. विषय बहुतेक वेळा सुरूही झालेला नसायचा.

नव्वदच्या दशकात दुबईला आलेली आपली मंडळी सोनं जमवत होती. तिथल्या करामा वस्तीत माझ्या शेजारी राहणारे हे गृहस्थ जमवत होते ब्रिटिश सैनिकांच्या टोप्यांवरचे बिल्ले. तेही सगळे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटनं उड्या मारणाऱ्या आणि ग्लायडरमधून उतरणाऱ्या पलटणींचे तेवढेच. "गोऱ्यांचे बिल्ले कशाला हो?" असं कुणी विचारलं की झालंच.

"विशीतली पोरं होती ती! काळोखात उड्या मारत होती! तू बाल्कनीतून मारून दाखव!"

मायदेशी परतणारे इंग्रज शुक्रवारी घरचं सामान विकायला काढत. अशा एका ठिकाणी मी त्यांच्याबरोबर गेलो आणि पस्तावलो. बिल्ला हातात घेताच यांचा आवाज चढला. "हा मुकुट बघा! हा राणीच्या काळातला. लढाई राजाच्या काळात झाली! कुणाला बनवताय, हबीबी?" ती बाई बिचारी टोस्टर विकायला बसली होती.

त्यांच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या इंग्रजानं एकदा त्यांना आपल्या भावाचा बिल्ला बघायला दिला. भाऊ युद्धात ग्लायडरसकट गेला होता. घरी मागे राहिलेला त्याचा हा बिल्ला प्लास्टिकचा होता, कारण तेव्हा धातूची टंचाई होती. शुक्रवारी परत करायची बोली होती.

मध्ये खंडेनवमी आली. करामात त्या दिवशी कुणी गाडीची किल्ली पूजतं, कुणी कॅल्क्युलेटर. वहिनींनी नवऱ्याची शस्त्रं म्हणून सगळे बिल्ले काढले, चिंच-मीठ लावून लख्ख घासले. प्लास्टिकचा फारच मळका दिसला, म्हणून तो चिंचेच्या कढत पाण्यात टाकला. तो वाकडातिकडा झाला. घाबरलेल्या वहिनींनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी ते जे ओरडले, ते खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. "पन्नास वर्षांचा काळेपणा घासून काढलास! त्यालाच तर किंमत होती! आणि हा तर दुसऱ्याचा होता! मेलेल्या माणसाचा!" वहिनी नुसत्या रडत होत्या. मला या गृहस्थांचा भयंकर संताप आला. बिल्ल्यांपायी बायकोला चारचौघांत असं बोलायचं? मी तोंडावर सुनावलं आणि त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

शुक्रवारी वहिनीच बोलवायला आल्या. "भावजी, तेवढं येऊन बसा. तो साहेब यायचाय. हे काय बोलतील नेम नाही."

म्हातारा आला. वहिनींनी स्वतःच बिल्ला त्याच्यापुढे ठेवला. खाचांत कुंकू तसंच होतं. "सॉरी. माय मिस्टेक," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं तोंड उघडलं, तोच हे ताडकन उठून मध्ये उभे राहिले आणि इंग्रजीत कडाडले, "तिला एक शब्द बोलायचा नाही! चूक माझी आहे, मला बोला. तिनं देवापुढे ठेवून तुमच्या भावाची पूजा केलीय. तुम्ही केलीत कधी?"

म्हाताऱ्यानं बिल्ला उचलून डोळ्यांजवळ नेला. मग "नाही," म्हणाला, आणि कुंकू न पुसताच त्यानं तो खिशात ठेवला.

पुढे नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला. ते पुण्याला गेले आणि तिथेच वारले. मला ते आठवतात ते त्या शुक्रवारचे. बायकोला पाठीशी घालून, दोन्ही हात फैलावून उभे राहिलेले, रागानं ओरडणारे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.