पंपघरामागची हिरवी पेटी

बागेचा पंप चालवणं, झाडांना पाणी सोडणं आणि फुटक्या नळ्या जोडणं यात त्या गृहस्थांची इतकी वर्षं गेली होती, की त्यांचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवावं लागे. सगळे त्यांना पंपकाका म्हणत.

माणूस भला, पण हत्यारांच्या बाबतीत महाचिक्कू. त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. बागेतले माळी ‘जरा द्या हो, आत्ता आणून देतो’ म्हणून एखादी वस्तू नेत आणि ती परत यायचं नाव घेत नसे. शेवटी काकांनी एक चांगली दणदणीत लोखंडी पेटी हिरव्या रंगाने रंगवली, पंपघराच्या मागे कुंपणाच्या झुडपात सरकवली, वर गोणपाट टाकलं आणि गोणपाटावर वाळक्या फांद्या. कुलूप मात्र लावलं नाही. कुलूप दिसलं की लोकांना उगाच वाटतं, आत काहीतरी आहे.

बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी काकांनी पेटी उघडली तर पक्कड गायब, आणि तिच्या जागी प्लास्टिकचा डायनासोर.

काका बघतच राहिले. चोर पक्कड नेईल हे समजू शकतं, पण डायनासोर ठेवून कशाला जाईल? पुढच्या आठवड्यात शिट्टी गेली आणि भोवरा आला. वॉशरची डबी गेली, गोट्या आल्या. एकदा तर बियांच्या पाकिटावर पेनाने लिहिलेलं होतं, ‘मस्त सापडली! धन्यवाद. – उनाड घुबड.’ काकांनी ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. अक्षर वेडंवाकडं, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिल्यासारखं. काकांचंही अक्षर तसंच होतं. पण आपण स्वतःला उनाड घुबड कधीपासून म्हणायला लागलो?

माळ्यांना विचारलं तर सगळ्यांनी शपथा घेतल्या. पेटीची जागा काकांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मग उरलं कोण?

उरले काका स्वतः. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. साखरेच्या डब्यात खिळे, खिळ्यांच्या डब्यात साखर. विचारलं की म्हणायचे, मी नाही. पुढे तर ते मुलालाच ‘आपण कुणाकडे आलात?’ असं अदबीने विचारायला लागले. आई त्यात पुरती झिजून गेली. आपल्या बायकोवर ती वेळ आणायची नाही, एवढंच काकांना कळत होतं. कशी आणायची नाही, ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं. त्यांनी घरी चकार शब्द काढला नाही. नुसते भोवऱ्याकडे बघत बसत आणि आपण तो कुठून आणला असेल ते आठवायचा प्रयत्न करत. आठवत काहीच नसे, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटे.

ज्या माणसाला स्वतःचा भरवसा नाही त्याच्या हाती पंप देऊ नये, हे त्यांचं त्यांनाच पटलं. एके दुपारी चाव्या साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या असं ठरवून ते पेटी आवरायला पंपघरामागे गेले. तिथे पांढऱ्या मिशांचे एक आजोबा आणि सायकलचं हेल्मेट घातलेली एक बाई पेटीवर वाकली होती.

“अगंबाई, खरंच केवढी मोठी आहे हो, बाबा!” बाई म्हणाली.

“सांगत नव्हतो? सासऱ्यावर विश्वास ठेवावा कधीतरी.”

“ओ, काय चाललंय? ही पेटी माझी आहे,” काका ओरडले.

बाईचा चेहरा फुलला. “म्हणजे तुम्ही लपवलीत? काय सुंदर लपवलीत!”

आजोबांनी तर काकांचा हात धरून गदागदा हलवला. काकांना ओ की ठो कळेना. एवढ्या वर्षांत त्यांच्या कुठल्या कामाचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं.

मग सुनेने समजावलं. हा खेळ आहे. कुणीतरी डबा लपवतं, त्याची जागा फोनवर टाकतं, बाकीचे शोधत येतात. आपलं टोपणनाव लिहायचं, आतलं एक घ्यायचं, आपलं एक ठेवायचं.

“पण हल्ली सगळीकडे बोटभर नळ्या लपवतात,” आजोबा म्हणाले. “आत कागदाची सुरळी. नाव खरडा आणि घरी जा. मोठी पेटी उघडताना कसं धडधडतं छातीत! ही सापडल्याचं कुणीतरी फोनवर टाकलं आणि लोक लांबून लांबून यायला लागले.”

सून मात्र फोनवरचं पुन्हा नीट वाचायला लागली. पंपघराच्या पाइपामागे हात घालून तिने काहीतरी ओढून काढलं. अंगठ्याएवढी नळी.

“बाबा, आपल्याला ही शोधायची होती.”

आजोबांचा चेहरा पडला. “मग ती पक्कड...”

“माझी,” काका म्हणाले.

“घरी आहे हो, उद्या आणून देतो. पण डायनासोर नवाकोरा ठेवला होता मी!”

काकांनी त्यांचा हात धरला. “म्हणजे हे मी नाही केलं? गोट्या, घुबड, काहीच नाही?”

“तुम्ही कशाला कराल?”

आणि ज्या माणसाने पक्कड पळवली होती, त्याच्याच गळ्यात पडून काका ढसाढसा रडले. सासरा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले.

साहेबांकडे काका गेलेच नाहीत. घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. वडिलांचं, भीतीचं, आणि ओघाओघात हेही सांगितलं, की हल्ली रोज डोळे उघडल्याबरोबर ते तिला नावाने हाक मारत होते, ती नाव आठवतंय की नाही ते बघायला.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“परीक्षा होती होय ती?” ती म्हणाली. “जन्मभर ‘अगं’वर भागवलंत. मला वाटलं, उशिरा का होईना, सुचलं तुम्हाला.”

 

सकाळी जाग आली. सगळं जागच्या जागी आठवत होतं, तपासायचं काही राहिलं नव्हतं. काकांनी तिला नावाने हाक मारली.

“आता कशाला?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “पास झालात ना!”

काकांनी परत हाक मारली.