साल नसलेला दगड

माझ्या नवऱ्याचं श्राद्ध मी तिथीने करते आणि आमची मुलगी फुलं पाठवते ती इंग्रजी तारखेला. तिने फोनमध्ये ती तारीख टाकून ठेवली आहे. गेल्या वर्षी ती सनीव्हेलहून स्वतःच फुलं घेऊन आली, तेव्हा तिथी होऊन आठवडा उलटला होता. "वरातीमागून घोडं," मी दारातच म्हणाले. असली स्वागतं मला छान जमतात.

"आई, दरवर्षी बदलणारी डेट कोण लक्षात ठेवणार?" ती म्हणाली.

मला तीच तर भीती होती. इथे परदेशात, श्रूजबरीत आमचा सगळा संसार झाला. त्याच्या अस्थी नदीत सोडल्या, त्यामुळे दगड नाही की थडगं नाही. त्याच्या जाण्याची खूण म्हणजे ती एक तिथी, आणि ती सांभाळणारी मी एकटी. माझ्यामागे ती कोण पाळणार?

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस लागला. घरात बसलो असतो तर आमची पुन्हा जुंपली असती, म्हणून शेजारच्या शहरातल्या म्युझियममध्ये गेलो. रोमन दालनात संगमरवरी पुतळे मोठ्या ऐटीत उभे होते. त्यांच्यामागच्या भिंतीवर ताटाएवढी एक फरशी होती. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांपैकी कुणा बाईने ती नवऱ्याच्या थडग्यावर लावली होती. अक्षरं वाकडीतिकडी, शेवटच्या ओळीत जागा संपल्यामुळे चेंगरून बसवलेली. कोपऱ्यात शांतीचं कबूतर, पण दिसायला थेट कोंबडी.

खाली इंग्रजीत अर्थ दिला होता. हा इथे शांतीत विसावला आहे, बायकोशी एकदाही न भांडता नांदला, आणि अमुक दिवशी त्याला इथे ठेवलं.

"आई, हे तुमच्याबद्दल नाही लिहिता येणार," मुलगी म्हणाली. आम्ही दोघं तर गाडी कुठे लावायची यावरूनही भांडायचो. मी हसले.

मग तिने विचारलं, "पण यात इयर कुठेय?"

तिथे माहिती द्यायला उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, की अशा दगडांवर पुष्कळदा साल नसतंच. दिवस तेवढा कोरायचा, तोही त्यांच्या पद्धतीने, पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून उलटा मोजून. कारण दरवर्षी त्या दिवशी घरची माणसं थडग्यापाशी जमायची आणि तिथेच एकत्र जेवायची.

मी त्या फरशीकडे बघतच राहिले. ती लावणाऱ्या बाईचं मला फार फार कौतुक वाटलं. नवरा केवढा मोठा होता, त्याने काय कमावलं, याबद्दल एक अवाक्षर नाही. जेवायला कोणत्या दिवशी यायचं, ते मात्र तिने दगडात कोरून घेतलं. आमच्या खीर-वड्यांचं तरी दुसरं काय असतं? धर्म परका, भाषा परकी, पण बाई माझ्या चांगल्या ओळखीची निघाली. माझे डोळे भरून आले. मुलीने फरशीचा फोटो काढला.

यंदा पुण्याहून मागवलेल्या कॅलेंडरवर मी बुधवारभोवती गोल काढून ठेवला होता. आधीच्या रविवारी मुलीचा फोन आला.

"आई, मंगळवारी बाबांची तिथी आहे. मी सुट्टी घेतलीय. खीर तांदळाची ना?"

"मंगळवारी नाही, बुधवारी. कॅलेंडर माझ्यासमोर आहे."

"ते पुण्याचं आहे, आई. बाबा गेले ते श्रूजबरीत. तिथल्या टाइमने आश्विन वद्य तृतीया मंगळवारी येते. मी नीट चेक केलंय."

उभ्या जन्मात मी या घरात एक वाद सोडलेला नाही. मी पेन घेतलं आणि बुधवारचा गोल खोडला.

"तांदळाचीच," मी म्हणाले. "आणि वेलची शेवटी घाल."